अत्तर मुरते का? जुन्या मालाचा भाव आणि त्यातले खरे-खोटे

रमजानचा चांद जवळ आला की अत्तराच्या दुकानांत गर्दी वाढते, आणि गर्दीबरोबर एक वाक्यही वारंवार कानावर पडू लागते: "भाईजान, हा माल दहा वर्षांचा आहे." मुंबईत मोहम्मद अली रोडवर मिनारा मशिदीच्या आसपास, भिवंडी-मालेगावच्या बाजारात, अजमेरच्या उरुसात लागणाऱ्या दुकानांत, सगळीकडे हेच ऐकू येते. नव्या मालाचा भाव एक, जुन्याचा दुप्पट, आणि ऊद असेल तर विचारायलाच नको. गिऱ्हाईक कुपीचे बूच नाकाशी नेते, क्षणभर डोळे मिटते आणि पैसे मोजते.

अत्तराच्या धंद्यात असलेल्या आपल्या बंधूंना हा प्रश्न दोन्ही बाजूंनी पडतो. घाऊक व्यापाऱ्याकडून "जुना" म्हणून महाग माल घ्यावा की नाही? आणि आपल्याच दुकानातला माल विकण्याऐवजी चार-पाच वर्षे ठेवून दिला, तर त्याचे चीज होईल का? अत्तर खरोखर लोणच्यासारखे मुरते, की ते फक्त जुने होते? या दोन गोष्टी एक नव्हेत, आणि पैसा या फरकातच अडकतो.

थोडक्यात उत्तर असे: काही अत्तरे मुरतात, काही जेमतेम टिकतात, आणि काही सरळ बिघडतात. कोणते कशात मोडते हे नावावरून ठरत नाही. ते कशापासून काढले, कशात उतरवले आणि कसे ठेवले यावरून ठरते. म्हणून आधी अत्तर तयार कसे होते ते पाहू. बऱ्याच दुकानदारांना विक्रीची बारकाई माहीत असते, पण भट्टीपाशी उभे राहण्याचा प्रसंग क्वचितच आलेला असतो.

भट्टीपासून कुपीपर्यंत

उत्तर प्रदेशातील कन्नौज हे या कामाचे जुने घर. तेथे आजही तांब्याच्या मोठ्या भांड्यात, म्हणजे देगेत, फुले आणि पाणी घालून झाकण चिकणमातीने लिंपून घेतात. खाली जाळ देतात. वाफ बांबूच्या नळीतून दुसऱ्या तांब्याच्या भांड्यात जाते. त्याला भपका म्हणतात. भपका पाण्याच्या हौदात बुडवलेला असतो, त्यामुळे वाफ थंड होऊन आतच जमते. खरी मेख अशी की भपका रिकामा नसतो. त्यात आधीच चंदनाचे तेल घातलेले असते. फुलांचा वास वाफेबरोबर येतो आणि या चंदनाच्या तेलात उतरतो. मग खाली जमलेले पाणी काढून टाकतात, दुसऱ्या दिवशी ताजी फुले घालतात आणि त्याच तेलात पुन्हा वास उतरवतात. असे दिवसामागून दिवस चालते, तेल फुलाच्या वासाने पुरते भरेपर्यंत.

हे झाले अत्तर. चंदन न घालता फुलाचे निव्वळ तेल काढले तर त्याला रूह म्हणतात, उदाहरणार्थ रूह गुलाब, रूह खस. एक किलो रूह गुलाबाला सुमारे तीन ते पाच टन फुले लागतात. त्यामुळे रूह गुलाब आणि गुलाबाचे अत्तर यांच्या भावात जमीन-अस्मानाचा फरक असतो. दोन्ही ठेवल्यावर एकसारखी वागत नाहीत, हेही लक्षात ठेवावे.

भट्टीवरून उतरलेले ताजे अत्तर तुम्ही हुंगले तर कदाचित निराश व्हाल. त्यात पाण्याचा अंश असतो, फुले शिजल्याचा वास असतो, तांब्याचा आणि धुराचा थोडा उग्रपणा असतो. म्हणूनच जुने कारागीर ते उंटाच्या कातड्याच्या कुप्पीत भरून उन्हात ठेवत. कातड्यातून पाण्याचा अंश हळूहळू बाहेर जातो आणि तेल आत राहते. काचेची बाटली हे काम करू शकत नाही. म्हणजे मुरण्याची पहिली पायरी ही खरे तर वाळवण्याची पायरी आहे. ती आवश्यकच असते आणि तिला वर्षे लागत नाहीत.

पाणी का काढायचे, हे कोकण आणि मुंबईच्या दमट हवेत राहणाऱ्या दुकानदाराने खास समजून घ्यावे. फुलांच्या वासातले अनेक घटक पाण्याच्या संगतीत हळूहळू फुटतात आणि त्यातून आंबट आम्ल सुटते. मोगरा-चमेलीत बेन्झिल अॅसिटेट नावाचा गोड वासाचा घटक असतो. तो फुटला की उरते ते व्हिनेगरचे आम्ल. बाटलीत गढूळपणा दिसत असेल आणि बूच उघडताच आंबूस झणका येत असेल, तर तो माल मुरत नाही, नासत आहे.

वाळवण झाल्यावर दुसरे काम सुरू होते. वेगवेगळे वास एकमेकांत मिसळून त्यांचे टोकदारपण कमी होते. काही हलके, चटकन उडणारे घटक निघून जातात आणि जड, मंद घटक पुढे येतात. काही घटकांत आपापसात रासायनिक क्रियाही होते. परदेशी परफ्यूमचे कारखानेही मिश्रण तयार झाल्यावर ते काही आठवडे तसेच ठेवतात, मग अल्कोहोलमध्ये मिसळून पुन्हा थोडे ठेवतात, थंड करून गाळतात आणि नंतरच बाटलीत भरतात. ही मुदत आठवड्यांची किंवा फार तर महिन्यांची असते, पिढ्यांची नव्हे.

तिसरी क्रिया हवेतल्या ऑक्सिजनची. हीच सगळ्यात दगाबाज. एखाद्या तेलाला ती गोलाई देते आणि दुसऱ्याला टर्पेंटाइनच्या वासाचे करून सोडते.

काय मुरते, काय नाही

ज्या तेलांत जड घटक जास्त, ती ठेवल्याने सुधारतात. लाकूड, मुळे, राळ आणि काही पाने यांची तेले या जातीची. चंदनाचे तेल हे पहिले उदाहरण. अस्सल भारतीय चंदनाच्या तेलात अल्फा सँटालॉल सुमारे ४१ ते ५५ टक्के आणि बीटा सँटालॉल १६ ते २४ टक्के असावे असे आंतरराष्ट्रीय मानक सांगते. हे दोन्ही घटक सावकाश उडतात आणि सहसा बिघडत नाहीत. ताज्या चंदन तेलात जो थोडा कच्च्या लाकडाचा, किंचित दुधट उग्रपणा असतो, तो वर्ष-दोन वर्षांत बसतो. म्हणूनच चंदनात उतरवलेले अत्तर टिकते. फुलाचा वास धरून ठेवणारा खांब खाली भक्कम असतो.

वाळ्याचे तेल, म्हणजे खस, हेही तसेच. रूह खसचा हिरवा रंग तांब्याच्या देगेमुळे येतो आणि ताजेपणी त्यात मातीचा आणि कच्च्या मुळाचा जोर असतो. ठेवल्यावर ते मऊ होते. पचौलीचे तेल तर या बाबतीत जगभर प्रसिद्ध आहे. आपल्याकडे गजऱ्यात घालतात त्या पाचेच्या जातकुळीतली ही वनस्पती, आणि तेलाचा मोठा पुरवठा इंडोनेशियातून होतो. ताजे तेल कापरासारखे, हिरवट आणि नाकात घुसणारे असते. काही वर्षे ठेवलेले गोडसर आणि गडद होते. एकोणिसाव्या शतकात काश्मिरी शालींच्या गठ्ठ्यांत कसर लागू नये म्हणून पचौलीची पाने घालून त्या विलायतेला पाठवत. पुढे तिकडच्या गिऱ्हाइकांना तो वास हीच अस्सल शालीची खूण वाटू लागली. वास आणि भाव यांची गाठ अशीही बसते!

शमामा हे अत्तर मुरवण्याच्या कलेचे खरे घर म्हणावे लागेल. त्यात फूल हे मुख्य नसतेच. दगडफूल, जटामांसी, नागरमोथा, सुगंधी कचोरा, लवंग, वेलदोडा, जायफळ, जायपत्री असे अनेक जिन्नस टप्प्याटप्प्याने उतरवतात, आणि प्रत्येक कारखान्याचा नुस्खा वेगळा. आपल्या घरच्या मसाल्याच्या डब्यातले दगडफूल अत्तराला जंगलातल्या ओल्या झाडाच्या सालीचा वास देते. नवा शमामा हुंगला की एकेक मसाला वेगळा ओळखू येतो. काही महिन्यांनी ते सगळे मिळून एकच वास होतो. येथे ठेवण्याचे पैसे मागणारा कारागीर खोटे बोलत नाही.

आता ऊद. आसामातल्या आगर झाडाच्या खोडाला बुरशी लागली की झाड आपल्या बचावासाठी गडद राळ तयार करते. त्या राळेच्या लाकडापासून हे तेल निघते. होजाई हे त्याचे मोठे केंद्र, आणि तेथील हाजी अजमल अली यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीस मुंबईत पाय रोवून हा व्यापार आखातापर्यंत नेला, हे धंद्यातल्या लोकांना ठाऊक आहेच. लाकूड भट्टीवर चढवण्याआधी पाण्यात दिवसेंदिवस भिजत घालतात, त्यामुळे ते आंबते. म्हणून ताज्या आसामी ऊद तेलाला गोठ्याचा, आंबवलेल्या चामड्याचा वास येतो. नवख्या गिऱ्हाइकाला तो सहन होत नाही, आणि काही अरब गिऱ्हाइके नेमका तोच मागतात. ठेवल्यावर या आंबूस वासाचे हलके घटक कमी होतात, तेल घट्ट होते आणि आतली लाकडाची गोडी वर येते. म्हणजे ऊद मुरते हे खरे. पण ते "चांगले" झाले की नाही, हे कोणाला विकायचे आहे त्यावर ठरते. गोठ्याचा वास मागणाऱ्याला सात वर्षांचा माल दाखवला तर तो "जान निकल गई" म्हणून परत देईल. ज्यांना ऊद बाहेर पाठवायचा असेल त्यांनी हेही ध्यानात घ्यावे की हे झाड १९९५ पासून सायटीस या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या यादीत आहे. निर्यातीला परवाना लागतो आणि "जुना साठा आहे" एवढे सांगून भागत नाही.

फुलांची गोष्ट वेगळी. रूह गुलाब नीट ठेवला तर काही वर्षे टिकतो, पण त्याचा पहाटेचा ताजेपणा पहिल्या वर्षानंतर उतरणीला लागतो. (थंडीत तो थिजून त्यात पांढरे कण दिसतात. ती भेसळ नव्हे, फुलातलेच मेण आहे. हाताच्या उबेने ते विरघळते.) मोगरा, चमेली, जुई यांची मजा ताजेपणातच आहे. केवड्याचा मुख्य घटक सहसा बिघडत नाही, म्हणून ओरिसातल्या गंजामचा केवडा बरा टिकतो, पण ठेवल्याने तो सुधारतो असे म्हणायला आधार नाही. फूल चंदनात उतरवलेले असेल तर पाच वर्षांनी त्या बाटलीत फूल कमी आणि चंदन जास्त जाणवते. पुष्कळ गिऱ्हाइकांना तेच आवडते आणि त्यालाच ते मुरणे म्हणतात. हरकत नाही. पण मग आपण त्यांना मोगरा विकत नसून मोगऱ्याची आठवण असलेले चंदन विकत आहोत, एवढे दुकानदाराने मनाशी धरावे.

सर्वांत वाईट हाल लिंबू, संत्रे, मोसंबी या सालींच्या तेलांचे होतात. त्यांतला लिमोनिन हवा लागताच बदलू लागतो. वास रंगाच्या डब्यासारखा होतो, आणि बदललेला लिमोनिन त्वचेला खाज-पुरळ आणू शकतो. लव्हेंडरसारख्या वासातला लिनालूलही हवा खाल्ल्यावर असाच वागतो. ताजेपणी हे दोन्ही तुलनेने निरुपद्रवी असतात. ईदच्या दिवशी लहान मुलांच्या मनगटाला आणि कानामागे अत्तर लावतात, म्हणून अशा वासाचा जुना, अर्धी रिकामी झालेली बाटलीतला माल विकू नये. येथे "जुने" हा गुण नसून ऐब आहे.

खाली चंदन आहे की पॅराफिन?

आतापर्यंत जे सांगितले ते खऱ्या मालाबद्दल. बाजारातला मोठा भाग खऱ्या मालाचा नाही, हे आपण सारेच जाणतो. चंदन महाग झाले तसे भपक्यातले तेल बदलले. आज अत्तराच्या नावाने जे विकले जाते त्यात खाली पुष्कळदा लिक्विड पॅराफिन, डीओपी, डीईपी, आयपीएम किंवा डीपीजी असते आणि वर कारखान्यात तयार झालेला कंपाउंड. स्वस्त मालात यात वावगे काही नाही, सांगून विकला तर. पण पॅराफिनला स्वतःचा वास नाही, त्यात मुरण्यासारखे काही नाही. असे अत्तर दहा वर्षे ठेवा, हाती दहा वर्षांचे पॅराफिन लागेल आणि वरचा वास बहुधा फिका पडलेला असेल. म्हणून "किती वर्षांचे?" या प्रश्नाआधी "खाली काय आहे?" हा प्रश्न विचारावा. घाऊक व्यापारी या प्रश्नावर चहा मागवू लागला, तर उत्तर मिळाले असे समजावे.

रंगावरून वय ओळखण्याची सवयही सोडून द्यावी. गडद रंग म्हणजे जुना माल ही समजूत इतकी पक्की आहे की तिच्यावर फसवणुकीचा एक छोटा धंदाच चालतो. व्हॅनिलिन घातलेला माल काही आठवड्यांत तपकिरी होतो. फुलांच्या कंपाउंडमधले काही घटक एकमेकांशी जुळून मिश्रण लालसर-तपकिरी करतात. लोखंडी भट्टीतून काढलेली पचौली पहिल्या दिवसापासूनच काळपट असते. तेल घट्ट आहे म्हणून जुने आहे, हेही पुरते खरे नाही. घट्टपणा बाहेरून आणता येतो.

प्रयोगशाळेत काय कळते? केंद्र सरकारने १९९१ साली कन्नौजला सुगंध आणि स्वाद विकास केंद्र स्थापन केले. अशा ठिकाणी गॅस क्रोमॅटोग्राफवर तेलाची चाचणी होते आणि चंदनात सँटालॉल किती, पॅराफिन आहे का, हे कागदावर मिळते. भेसळ पकडायला ही चाचणी उत्तम. पण बाटलीवर लिहिलेले वय खरे की खोटे, याचा दाखला तिच्यातून मिळत नाही. मोठा सौदा करताना चाचणीचा खर्च मालाच्या किमतीपुढे नगण्य असतो, तरी आपले व्यापारी तोंडच्या शब्दावर लाखाचा माल उचलतात याचे नवल वाटते.

काळाने वास खरोखर जन्माला येतो असा एक निर्विवाद पदार्थ आहे, तो म्हणजे अंबर. स्पर्म व्हेल या देवमाशाच्या आतड्यात तयार होणारा हा गोळा ताजा असताना काळा आणि दुर्गंधी असतो. वर्षानुवर्षे समुद्रात ऊन, खारे पाणी आणि हवा खाऊन तो राखाडी-पांढरा होतो आणि मगच त्याला तो किमती वास येतो. वर्तमानपत्रे त्याला व्हेलची उलटी म्हणतात. पण एक इशारा येथेच देणे भाग आहे. भारतात वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे अंबर बाळगणे आणि विकणे गुन्हा आहे, आणि महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर या प्रकरणी लोक पकडले गेले आहेत. कस्तुरीचेही तेच. "आजोबांच्या वेळची कस्तुरी" असे सांगून कोणी डबी पुढे केली, तर ती खोटी असेल तर पैसे गेले आणि खरी असेल तर अब्रू गेली.

हा प्रश्न एकट्या अत्तराचा नाही, हे तंबाखूच्या बाजारात डोकावले की दिसते. क्यूबाच्या सिगारवाल्यांत हाच वाद चालतो. तंबाखूची पाने ढीग रचून आंबवतात तेव्हा त्यांतून अमोनिया निघून जातो, आणि वळल्यावरही सिगार लाकडाच्या पेटीत ६५ ते ७० टक्के आर्द्रतेत काही महिने ठेवला तर कडकपणा कमी होतो. पण वीस वर्षे ठेवलेला सिगार पुष्कळदा नुसता फिका झालेला असतो, आणि शौकीन फिकेपणालाच नजाकत म्हणत पैसे मोजतात. (त्याने तंबाखूची हानी मात्र तसूभर कमी होत नाही.) तेथेही पहिली पायरी आवश्यक, दुसरी उपयोगी आणि त्यापुढची बहुतेक भावाची बाब.

नाकाची परीक्षा

"आम्हांला नाकाने कळते," असे जुने दुकानदार म्हणतात. कळत असेलही, पण परीक्षा घेऊन पाहायला काय हरकत आहे? गिऱ्हाइकाला वय आधी सांगितले की त्याचे नाक त्या वयाप्रमाणे चालू लागते, आणि दुकानदाराचेही. परीक्षा सोपी आहे. जाड शोषक कागदाच्या तीन पट्ट्या घ्या. दोन पट्ट्यांवर एकच माल लावा, तिसऱ्यावर दुसरा. एकावर नवा, एकावर जुना. कोणत्या पट्टीवर काय आहे ते मागे लिहून दुसऱ्या माणसाने पट्ट्या तुमच्यासमोर ठेवाव्यात. तुम्ही वेगळी पट्टी ओळखायची. नुसत्या अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता तीनात एक. म्हणून पाच वेळा करा. पाचही वेळा निव्वळ नशिबाने बरोबर येण्याची शक्यता २४३ मध्ये एक. इतके जमले तर फरक खरा आहे, निदान तुमच्या नाकाला. मध्ये दहा-पंधरा मिनिटांची विश्रांती घ्यावी, कारण नाक लवकर थकते. आणि बाटलीच्या तोंडाशी हुंगू नये. तेथे उडणारे घटक साठलेले असतात, खरा वास अर्ध्या तासाने कागदावर कळतो.

ओळखता आले तरी प्रश्न उरतोच: वेगळा असलेला वास चांगला आहे का? त्यासाठी कुठला कोणता हे न सांगता तुमच्या नेहमीच्या पाच-सहा गिऱ्हाइकांना विचारा. महाग जुन्या मालापेक्षा नवा पसंत करणारे निघाले तर आश्चर्य मानू नका.

पैसे किती अडकतात

आता मुद्द्याचा हिशेब. समजा ५०० रुपये तोळ्याने १०० तोळे अत्तर घेतले. गुंतवणूक ५०,००० रुपये. हाच पैसा दुकानात वर्षातून तीनदा फिरतो आणि दर फेरीला दहा टक्के नफा सुटतो असे धरले, तर वर्षाला १५,००० रुपये. पाच वर्षांत ७५,०००. म्हणजे ठेवून दिलेला माल पाच वर्षांनी किमान १,२५,००० रुपयांना, म्हणजे १,२५० रुपये तोळ्याने गेला पाहिजे, तरच आपण जेथल्या तेथे राहिलो. दहा वर्षे ठेवला तर २,००० रुपये तोळा. यात बुचातून उडालेले वजन, फुटलेली बाटली आणि बदललेली फॅशन धरलेली नाही. दुकानाच्या मालावर दरवर्षी त्या दिवसाच्या बाजारभावाने चाळिसावा हिस्सा जकात असते, तीही आहे. फिरत्या पैशावर ती असतेच, पण तेथे ती त्याच धंद्याच्या नफ्यातून निघते. पडून राहिलेल्या मालाची जकात दुसऱ्या गल्ल्यातून काढावी लागते.

या हिशेबातून आणखी एक गोष्ट कळते. घाऊक बाजारात दहा वर्षांचा माल नव्याच्या दुप्पट भावात मिळत असेल, तर विकणारा एक तर हिशेबात कच्चा आहे किंवा माल दहा वर्षांचा नाही. घाऊक व्यापारी हिशेबात कच्चे नसतात.

ज्यांच्याकडे पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचे अस्सल म्हैसुरी चंदन तेल पडून होते त्यांनी चांगले पैसे केले, हे खरे. पण ते मुरल्यामुळे नव्हे. जंगलातली झाडे संपत आली आणि चंदनाचा भाव चढत गेला म्हणून. ती सोन्यासारखी कमाई होती, लोणच्यासारखी नव्हे. त्या उदाहरणावर मोगऱ्याची बाटली ठेवून देऊ नये.

आमच्या मते छोट्या दुकानदाराने शमामा, खस आणि ऊद एवढेच, तेही खात्रीच्या भट्टीचे, थोडे थोडे ठेवावे आणि बाकी माल फिरता राखावा. ठेवायचे तर नीट ठेवावे. गडद काचेची किंवा अॅल्युमिनियमची बाटली घ्यावी आणि ती गळ्यापर्यंत भरलेली असावी. अर्धी झाली की लहान बाटलीत ओतावी, कारण रिकाम्या जागेतली हवाच नुकसान करते. प्लॅस्टिकचे आणि रबराचे बूच तेलाने मऊ होते आणि त्याचा वास आत उतरतो. पत्र्याच्या छताखालचा पोटमाळा ही सर्वांत वाईट जागा. दुकानाच्या काचेच्या कपाटात उन्हात शोभेला ठेवलेल्या बाटल्यांत रंगीत पाणी ठेवले तरी चालेल, माल ठेवू नये. प्रत्येक बाटलीवर भरल्याचा महिना आणि वर्ष लिहावे, म्हणजे पुढे "किती जुना?" या प्रश्नाला कागद दाखवता येतो.

एक गोष्ट येत्या काही वर्षांसाठी. कन्नौजच्या गुलाबाचा मोसम मार्च-एप्रिलचा. २०१८ साली ईद-उल-फित्र १६ जूनला होती, तेव्हा त्याच मोसमाचे गुलाबाचे अत्तर वाळवून, बसवून ईदला हाती येत होते. ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकते. २०२५ मध्ये ती ३१ मार्चला आली, २०३० मध्ये ती फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात येईल. म्हणजे यापुढे बरीच वर्षे ईदला विकला जाणारा गुलाब आदल्या वर्षाचा, दहा-अकरा महिने ठेवलेलाच असणार, तुम्ही मुरवा की न मुरवा. तो उन्हाळा आणि पावसाळा कोणत्या बाटलीत आणि कोणत्या फळीवर काढतो, हे मे महिन्यात माल आला त्याच दिवशी ठरवावे लागेल.